अभिरक्षक

‘क्युरेटर’ या शब्दासाठी मराठीत ‘अभिरक्षक’ हा प्रतिशब्द रूढ झाला आहे. शासकीय परिभाषेतून तो आला आणि संग्रहालयांच्या दारांवरील पाट्यांवर स्थिरावला. शब्द भारदस्त आहे, परंतु तो उच्चारताच पहाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाचे चित्र डोळ्यांपुढे येते. मूळ लॅटिन शब्द याहून मवाळ आहे. ‘कूरा’ म्हणजे काळजी, चिंता, शुश्रूषा. धर्मग्रामातील भाविकांच्या आत्मिक सांभाळाला ख्रिस्तसभा शतकानुशतके ‘कूरा आनिमारूम’ असे म्हणत आली आहे. फ्रान्समध्ये धर्मग्रामाच्या गुरूला ‘क्युरे’ म्हणतात, तेही याच धातूवरून. म्हणजे संग्रहालयातील क्युरेटर आणि देवालयातील क्युरेट ही एकाच मातेची लेकरे ठरतात. एकाने वस्तूंची काळजी वाहायची, दुसऱ्याने माणसांची. या दोन भावंडांची आमच्या समाजात एकमेकांशी फारशी ओळख नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रदर्शन पाहून घरी परतलेला मनुष्य चित्रकाराचे नाव सांगतो, उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांचे नाव सांगतो. मांडणी कोणी केली हे त्याला ठाऊक नसते आणि विचारण्याचे कारणही त्याला वाटत नाही. वास्तविक भिंतीवर काय लागावे व कोठारात काय राहावे, कोणत्या मूर्तीशेजारी कोणती मूर्ती यावी, खालच्या चार ओळींच्या पाटीवर काय लिहावे व काय गाळावे, हे सर्व तोच ठरवितो. पुढच्या पिढीने आपला भूतकाळ म्हणून काय ओळखायचे याचा निर्णय बऱ्याच अंशी त्याच्या हाती असतो. इतक्या मोठ्या अधिकाराचा माणूस इतका अनामिक राहतो, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

हिंजवडीचे नाव काढले की वाचकांना संगणक-उद्योगाच्या काचेच्या इमारती आठवतात. त्या इमारती इथल्या इतिहासाच्या मानाने कालपरवाच्या आहेत. हिंजवडी आणि वाकड यांचे ग्रामदैवत म्हातोबा, आणि चैत्र पौर्णिमेच्या सुमारास निघणारे त्याचे बगाड ही इथली जुनी ओळख. बगाडाचे लाकूड कोणी आणायचे, कोणी तासायचे, गळकरी कोणत्या घराण्याचा, याचे मान पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले आहेत. संग्रहालयशास्त्राची पदवी त्या मानकऱ्यांपैकी कोणाकडे नसेल. पण वस्तू, तिची कृती आणि तिचा अर्थ ही तिन्ही एकत्र सांभाळण्याचे काम ते करीत आले आहेत, आणि अभिरक्षण म्हणतात ते याहून वेगळे नाही. त्याच हिंजवडीच्या उंच उंच इमारतींत आता गोवा, वसई, मंगळूर, केरळ येथून आलेली कॅथलिक कुटुंबे राहतात. घरांना आशीर्वाद देण्यास गेलो असता आम्हांस त्यांचे देव्हारे दिसतात. एखाद्या देव्हाऱ्यात आजीकडून आलेली लाकडी मरियामाता असते, रंगाचे पोपडे निघालेली, एक बोट तुटलेली. आणि शेजारी प्लास्टरची नवी, गुळगुळीत. बहुधा नवीच मध्यभागी असते. जुनी टाकवत नाही म्हणून बाजूला ठेवलेली असते.

जुने टाकवत नाही, ही भावना सर्व अभिरक्षणाची जननी आहे. पुण्याच्या दिनकर गंगाधर केळकरांचेच उदाहरण घ्या. चष्म्यांचे दुकान चालविणारा हा मनुष्य ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहीत असे. राजा नावाचा त्यांचा मुलगा बालवयातच गेला. पुढे त्याच्याच नावाने त्यांनी दिवे, अडकित्ते, दौती, कुलुपे, कंगवे, वाद्ये अशा हजारो वस्तू देशभर हिंडून गोळा केल्या. पत्नी कमलाबाई त्यांच्या पाठीशी उभ्या राहिल्या. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष त्यांनी आणून आपल्या संग्रहालयात उभे केले. १९७५ मध्ये सारा संग्रह त्यांनी महाराष्ट्र शासनाच्या हवाली केला. शोकाला वस्तूंचा आकार देणारा असा गृहस्थ पुण्याला लाभला हे पुण्याचे भाग्य. परंतु आमच्या मनात आहे ती याहून थोडी निराळी, अधिक गुंतागुंतीची कथा. आपल्या वस्तू अनेकदा आपण सांभाळल्या नाहीत, त्या दुसऱ्यांनी सांभाळल्या, ही ती कथा होय.

वसईकर वाचकांना घंटांची हकिकत सांगावयास नको. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने वसई घेतली आणि किल्ल्यातील व आसपासच्या देवालयांच्या घंटा विजयचिन्हे म्हणून देशावर गेल्या. भीमाशंकरला एक आहे, नाशकात नारोशंकराच्या मंदिरावर एक आहे, वाईजवळ मेणवलीला नाना फडणिसांच्या वाड्याखालच्या घाटावर एक आहे. मेणवलीच्या घंटेवर तर बालयेशूला घेतलेल्या मरियेची प्रतिमा स्पष्ट दिसते. वसईच्या अभ्यासकांनी अशा घंटांचा माग काढला आहे. आता प्रामाणिकपणे विचार करू. या घंटा वसईतच राहिल्या असत्या तर त्यांचे काय झाले असते? ज्या भग्न देवालयांतून त्या निघाल्या, त्यांची छपरे गेली, दगड गेले, लाकूड गेले. घंटांचे पितळ-काशे तेवढे राहिले असते असे छातीठोकपणे कोण म्हणेल? मंदिरांच्या पुजाऱ्यांनी त्या टांगल्या, वाजविल्या, जवळजवळ तीनशे वर्षे जपल्या. आमच्या पूर्वजांना त्या घंटांच्या जाण्याचे दुःख झाले असणारच, आणि ते दुःख खरे आहे. जपणूकही तितकीच खरी आहे.

याच्या उलट बाजूही आहे, आणि ती सांगितल्याशिवाय घंटांची गोष्ट सांगण्याचा आम्हांस अधिकार नाही. सोळाव्या शतकात पोर्तुगीज सत्तेखाली तिसवाडी, बार्देश आणि साष्टी येथील मंदिरे पाडण्यात आली. तेव्हा कुठ्ठाळीचा मंगेश आणि केळशीची शांतादुर्गा यांना त्यांच्या भक्तांनी नदीपलीकडे, पोर्तुगीज अंमलाबाहेरच्या अंत्रुज महालात नेले. प्रियोळ आणि कवळे ही त्यांची नवी ठिकाणे झाली. आपला जीव धोक्यात घालून देव खांद्यावरून नेणारे ते भक्तही अभिरक्षकच होते. त्यांची नावे कोठल्याही पाटीवर नाहीत.

आता जुन्या गोव्यातील ख्रिस्ती कला संग्रहालयाकडे वळू. गोव्याचे आर्चडायोसीज, ‘इन्टॅक’ ही वारसा जपणारी संस्था आणि लिस्बनचे गुलबेंकियन प्रतिष्ठान यांच्या सहकार्याने ते १९९४ मध्ये राशोलच्या सेमिनरीत सुरू झाले. नफ्यासाठी ते चालविलेले नाही. ठिकठिकाणच्या देवालयांनी, मठांनी आणि घराण्यांनी दिलेल्या वस्तूंवर ते उभे राहिले. राशोल मुख्य वाटेपासून दूर, सेमिनरीची शांतता वेगळी. २००२ मध्ये संग्रहालय जुन्या गोव्यात सांता मोनिकाच्या मठाच्या देवालयात हलविण्यात आले. पुढे काही वर्षे ते नूतनीकरणासाठी बंद होते, २०२२ मध्ये पुन्हा उघडले. सतराव्या शतकातील एक विलक्षण चांदीची कृती तेथे आहे. गोलावर पंख पसरून आपल्या चोचीने स्वतःची छाती फोडणारा पेलिकन पक्षी. हेच पवित्र साक्रामेंत ठेवण्याचे आणि दर्शनाला मांडण्याचे पात्र. ते सॅ कॅथेड्रलमधून आले. पिलांना आपल्या रक्ताने जगविणारा पेलिकन हे प्रभू येशूचे प्राचीन प्रतीक आहे, हे आमच्या वाचकांना ठाऊक आहेच. हस्तिदंती उत्तम मेंढपाळ आहेत, प्रवासी धर्मगुरूने बरोबर न्यायची मिस्साची पेटी आहे. त्या पेटीपुढे आम्ही नेहमी थोडे अधिक रेंगाळतो.

ज्या वेदीवर साक्रामेंत ठेवले जात होते तेथून उचलून ते पात्र काचेत ठेवायचे, ही काही साधी गोष्ट नव्हे. जुन्या गोव्याला येणारा भाविक संत फ्रान्सिस झेवियरांच्या अवशेषांचे दर्शन घेऊन येतो. गोव्यातील मराठी वृत्तपत्रे ज्याला ‘शवप्रदर्शन’ म्हणतात तो दर दहा वर्षांचा सोहळा २०२४च्या नोव्हेंबरात सुरू होऊन २०२५च्या जानेवारीत संपला. ‘प्रदर्शन’ हा शब्द आमच्या लोकांना प्रथम भेटतो तो तेथे. त्या रांगेत उभे राहून डोळ्यांना जी सवय लागते ती घेऊनच मनुष्य संग्रहालयात शिरतो. काचेला हात लावून तो कपाळाला लावणारी म्हातारी आम्ही पाहिली आहे. तिच्या शेजारी एक परदेशी पाहुणा वही काढून चांदीच्या नक्षीची टिपणे घेत होता. या दोघांसाठी एकच पाटी लिहावयाची आहे. अभिरक्षकाची खरी परीक्षा या ठिकाणी होते. ‘चांदी, सतरावे शतक’ एवढेच लिहिले तर म्हातारीचे काहीच लिहिले नाही असे होते. नुसती प्रार्थना लिहिली तर कारागीर नाहीसा होतो.

आणि कारागीर नाहीसा होणे हा तर जुना अन्याय आहे. १५६७ साली भरलेल्या गोव्याच्या पहिल्या प्रांतिक धर्मपरिषदेने ख्रिस्ती प्रतिमा व उपासनेच्या वस्तू अख्रिस्ती कारागिरांकडून करवून घेण्यास मनाई केली. मनाई करावी लागली, यावरूनच काम त्यांच्याकडून होत होते हे उघड होते. आणि मनाईनंतरही ते थांबले नाही, याची साक्ष त्या वस्तूच देतात. व्यासपीठांच्या तळाशी नागकन्या येतात, हस्तिदंती बालयेशूच्या पायांशी इथली पाने-फुले आणि इथले झरे येतात. हिंदू सोनाराने आणि सुताराने घडविलेल्या मूर्तीपुढे ख्रिस्ती भाविकाने चारशे वर्षे गुडघे टेकले. पाटीवर ‘अनामिक गोमंतकीय कारागीर’ असे लिहिले जाते तेव्हा त्या तीन शब्दांमागे एवढा इतिहास उभा असतो. आमचे मत असे की अभिरक्षकाने तो सांगावा. मंदिरे पडली तेही सांगावे आणि मंदिरे गमावलेल्या समाजातील हातांनी वेद्या घडल्या तेही सांगावे. यामुळे श्रद्धेला धक्का बसेल अशी भीती काहींना वाटते. आम्हांस ती वाटत नाही. पाटी अर्धी लिहिली तर उरलेली अर्धी कोणीतरी दुसरा लिहितो, आणि ती बहुधा रागाने लिहिलेली असते.

पुण्याच्या वाचकांना अधिक जवळची वाटावी अशी कथा आंजेलो द फोन्सेका यांची आहे. १९०२ मध्ये गोव्यातील सांत इस्तेव्ह बेटावर त्यांचा जन्म झाला. वैद्यकाचा अभ्यास सोडून ते चित्रकलेकडे वळले, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले, तेथे मन रमले नाही म्हणून शांतिनिकेतनाला गेले. अवनींद्रनाथ ठाकूर आणि नंदलाल बोस यांच्या सान्निध्यात जलरंगाचे पातळ थर एकावर एक चढविण्याची बंगाली पद्धत त्यांनी आत्मसात केली. गोव्याला परतल्यावर त्यांनी साडी नेसलेली मरिया रंगविली. पोर्तुगीज गोव्यातील प्रतिष्ठित ख्रिस्ती समाजाला हे रुचले नाही. देवमाता म्हणजे गोरी, निळ्या झग्यातली, हे समीकरण इतके पक्के होते की तिचे मुळगावीचे पॅलेस्टाईनसुद्धा कोणाला आठवत नव्हते. फोन्सेकांना गाव सोडावे लागले.

त्यांना आसरा कोणी दिला? कॅथलिक मठाने नव्हे. जॅक विन्सलो या अँग्लिकन धर्मगुरूने १९२२ मध्ये तेव्हाच्या अहमदनगरला ख्रिस्त प्रेम सेवा संघ स्थापिला होता. पुढे काही वर्षांनी त्याचा आश्रम पुण्यात शिवाजीनगरला उभा राहिला. विन्सलो हे रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे चाहते, त्यांचे इंग्रजी चरित्रकार. व्हेरियर एल्विन १९२७ मध्ये भारतात आले ते याच संघात दाखल होण्यासाठी. भगव्या-खादीचा, जमिनीवर मांडी घालून जेवणाऱ्यांचा हा आश्रम गोव्याहून आलेल्या कॅथलिक चित्रकाराचे घर झाला. हिंजवडीहून निघून शिवाजीनगरला पोहोचणारा मेट्रोमार्ग आखला गेला आहे. त्याच्या शेवटच्या टोकापासून फार दूर नसलेल्या त्या आवारात, भारतीय ख्रिस्ती चित्रकलेचा एक मोठा अध्याय लिहिला गेला, हे हिंजवडीच्या किती ख्रिस्ती कुटुंबांना माहीत असेल?

फोन्सेकांनी तेथे मरियेला इथल्या बाईचा चेहरा दिला. १९५१ मध्ये त्यांचा आयव्ही यांच्याशी विवाह झाला, आणि त्यानंतरच्या मरियेच्या चेहऱ्यात आयव्हीबाईंची छटा ओळखू येऊ लागली. मुंबईच्या सेंट झेवियर महाविद्यालयातील येशूसंघीय इतिहासकार फादर हेन्री हेरास यांच्यासारख्यांनी त्यांना प्रोत्साहन दिले. हेरास हे मूळचे स्पेनचे. १९२२ मध्ये मुंबईत आले आणि १९२६ मध्ये त्यांनी इतिहास संशोधनाची जी संस्था स्थापिली तिला पुढे त्यांचेच नाव मिळाले. नाणी, ताम्रपट, मूर्ती यांच्या बरोबरीने भारतीय ख्रिस्ती चित्रेही जमवावीत, असे वाटणारा हा दुर्मीळ गुरू. १९५० हे पवित्र वर्ष. त्या वर्षी रोममध्ये मिशन-प्रदेशांतील ख्रिस्ती कलेचे प्रदर्शन भरले. पुढे कार्डिनल झालेले चेल्सो कोस्तांतीनी त्यामागे होते. चीनमध्ये परमगुरूंचे प्रतिनिधी म्हणून राहिलेल्या या माणसाला देशी कलेचे मोल कळले होते. फोन्सेका, आंजेला त्रिन्दाद आदींची चित्रे तेथे लागली. गोव्यात जी मरिया परकी ठरली तिला रोममध्ये भिंत मिळाली. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने सर्व वंशांच्या आणि प्रदेशांच्या कलेला देवालयात मोकळे स्थान असावे असे १९६३ मध्ये ठरविले, ते याच्या तेरा वर्षांनंतर.

१९६७च्या डिसेंबरात फोन्सेका वारले. या ठिकाणी आमच्या लेखाचा खरा विषय सुरू होतो. चित्रकार गेला की चित्रे पोरकी होतात. जलरंग हे फार नाजूक. पावसाळ्याच्या दमट हवेत कागदावर पिवळे डाग पडतात, कसर लागते. उन्हाच्या तिरिपेने वर्षभरात निळा उडतो. संग्रहालयवाले कागदावरील चित्रावर पन्नास लक्सहून अधिक प्रकाश पडू देत नाहीत, म्हणजे मंद दिवा असलेल्या खोलीहून फारसा जास्त नाही. विकत घेणारे तेव्हा फार नव्हते, भिंत देणारी देवालये त्याहून कमी. आयव्हीबाई शिक्षणक्षेत्रात नोकरी करीत होत्या, एकुलती मुलगी वाढवीत होत्या. त्यांनी ती चित्रे पुण्यात जवळजवळ चार दशके सांभाळली. एकेक विकून संसाराला लावावे असा मोह कोणालाही झाला असता. संग्रह एकत्र राहिला पाहिजे हे त्यांना कळले होते, आणि हेच अभिरक्षकाचे पहिले व्याकरण आहे. विखुरलेल्या शंभर चित्रांतून चित्रकार दिसत नाही. आम्ही तर म्हणू की फोन्सेकांचा पहिला अभिरक्षक म्हणजे त्यांची विधवा.

त्या मधल्या काळात फोन्सेकांचे आणि त्यांच्यासारख्यांचे स्मरण ठेवणाऱ्यांत एक जर्मन येशूसंघीय होते. शनिवार पेठेतील स्नेहसदनाशी ज्यांचे नाव जोडलेले आहे ते फादर मॅथ्यू लेदर्ले. पेठेत राहून मराठी विचारवंतांशी संवाद साधणाऱ्या या गुरूंनी आधुनिक महाराष्ट्रातील तत्त्वविचारांवर पुस्तक लिहिले, हे अनेकांना ठाऊक आहे. भारतातील ख्रिस्ती चित्रकलेचा शतकानुशतकांचा मागोवा घेणारे त्यांचे पुस्तक १९८७ मध्ये गुजरातेतील आणंद येथून प्रसिद्ध झाले, ते मात्र फारसे कोणी चाळलेले नाही. पुस्तकाच्या पानांवर मांडलेले ते एक प्रदर्शनच आहे. कोण कोणाशेजारी ठेवायचा, मोगल दरबारातील येशूची चित्रे कोठे, विसाव्या शतकातील आश्रमवासी चित्रकार कोठे, हा निवडीचा विवेक त्यात दिसतो.

अखेरीस एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात आयव्हीबाईंनी तो संग्रह गोव्यात आल्त पर्वरी येथील झेवियर इतिहास संशोधन केंद्राकडे सोपविला. येशूसंघीयांनी १९७९ मध्ये सुरू केलेले हे केंद्र, डॉ. तेओतोनिओ द सौझा त्याचे पहिले संचालक. पुढे या केंद्राचे संचालकपद सांभाळलेले फादर देलियो मेंदोन्सा यांनी फोन्सेकांची चित्रे अभ्यासून लोकांपुढे आणण्याचे काम अंगावर घेतले. येथे एक योगायोग नोंदवण्यासारखा आहे. फादर मेंदोन्सा यांनीच पोर्तुगीज गोव्यातील सोळाव्या शतकाच्या धर्मांतरांवर ग्रंथ लिहिला आहे. एका हाताने दडपणाचा इतिहास लिहावयाचा आणि दुसऱ्या हाताने साडीतली मरिया भिंतीवर लावावयाची. जो इतिहासकार पहिले काम प्रामाणिकपणे करतो त्यालाच दुसऱ्याची किंमत कळते, असे आम्हांस वाटते. ज्या भूमीने फोन्सेकांना बाहेर काढले तिथेच त्यांची चित्रे परत गेली. ही भरपाई आहे की निव्वळ कालगती, हे वाचकांनी ठरवावे.

‘दुसऱ्याच्या वस्तू आमच्या घरी’ हाही हिशेब मांडला पाहिजे. १९२५च्या पवित्र वर्षासाठी पोप पायस अकरावे यांनी व्हॅटिकनच्या बागांत मिशन-प्रदर्शन भरविले. जगभरच्या मिशनऱ्यांनी एक लाखाहून अधिक वस्तू पाठविल्या. त्यांतल्या हजारो पुन्हा गेल्याच नाहीत. त्यांतून मिशन-संग्रहालय निर्माण झाले आणि फादर विल्हेल्म श्मिट या मानववंशशास्त्रज्ञाकडे त्याची व्यवस्था देण्यात आली. त्या भेटी होत्या, असे रोम म्हणत आले. कॅनडातील मूलनिवासी म्हणाले की ज्या काळी आमचे विधी करण्यासच कायद्याने बंदी होती त्या काळच्या भेटींना भेट कसे म्हणावे? अनेक वर्षांच्या बोलण्यांनंतर १५ नोव्हेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांनी ६२ वस्तू कॅनडाच्या बिशपांच्या हवाली केल्या, त्या त्या लोकांकडे पोहोचविण्यासाठी. शंभर वर्षे त्या वस्तूंना कसर लागली नाही, त्यांची नोंद हरवली नाही. उत्तम सांभाळलेली वस्तूही परत द्यावी लागते, असा प्रसंग येतो. मेणवलीच्या घंटेबाबत कोणी असा प्रश्न काढला तर आमचे मत तिथेच राहू द्यावी असे आहे; तीनशे वर्षांत ती त्या घाटाचीही झाली. फक्त तिच्याजवळ एक पाटी असावी आणि तिच्यावर ‘वसई’ हे नाव असावे.

मुंबई आर्चडायोसीजने २०११ मध्ये गोरेगावच्या सेंट पायस सेमिनरीच्या आवारात आपले वारसा-संग्रहालय उघडले. मुंबई परिसरातील धर्मग्रामांतून आलेल्या मूर्ती, मिस्साची वस्त्रे, चषक, जुनी पुस्तके तेथे आहेत. फादर वॉर्नर डिसोझा यांनी हे काम धडाडीने उभे केले. सेमिनरीच्या आवारात ते असणे आम्हांस फार योग्य वाटते. विश्वपरिषदेच्या उपासनाविषयक संविधानात स्पष्ट म्हटले आहे की भावी धर्मगुरूंना पवित्र कलेचा इतिहास शिकविला जावा, म्हणजे ख्रिस्तसभेचा ठेवा त्यांना ओळखता येईल व जपता येईल. आमच्या पिढीतील कितीजणांना तो शिकविला गेला? तत्त्वज्ञान शिकलो, नीतिशास्त्र शिकलो, हिब्रूचे चार धडेही गिरविले. वाळवी लागलेल्या सागवानी मूर्तीचे काय करावे, हे कोणी सांगितले नाही.

त्याची किंमत मोजावी लागली आहे. विश्वपरिषदेनंतर वेदी भाविकांसमोर आली, ते योग्यच झाले. परंतु त्या लगबगीत ठिकठिकाणी जुन्या कोरीव वेद्या उखडल्या गेल्या, व्यासपीठे निघाली, जुने चषक मोडीत गेले. परिषदेने असे काही सांगितले नव्हते. उलट मौल्यवान वस्तू हातच्या जाऊ नयेत याची दक्षता महागुरूंनी घ्यावी असेच तिने बजावले होते. १९८३च्या धर्मसभा-कायद्यानुसार कलेच्या वा इतिहासाच्या दृष्टीने मौल्यवान वस्तू परमगुरूंच्या कार्यालयाच्या परवानगीविना कोणालाही देता येत नाही; जुन्या प्रतिमांच्या दुरुस्तीसाठीही महागुरूंची लेखी अनुमती लागते. कारभार हाती घेणाऱ्याने प्रथम वस्तूंची तपशीलवार यादी करून सही करावी, हेही त्याच कायद्यात आहे. रोममधील सांस्कृतिक वारसा आयोगाने १९९९ मध्ये या याद्यांची निकड सांगणारे आणि २००१ मध्ये धर्मसंग्रहालयांच्या मेषपालीय कार्याविषयीचे अशी दोन पत्रके जगभरच्या महागुरूंना पाठविली. ‘मेषपालीय’ हे विशेषण संग्रहालयाला लागले, तेव्हा क्युरेटर आणि क्युरेट ही भावंडे निदान कागदावर तरी भेटली.

यादी करणे हे कंटाळवाणे काम आहे. वस्तूचे नाव, साहित्य, मापे, कोठून आली, कोणी दिली, केव्हा, सध्याची अवस्था, छायाचित्र. धर्मग्रामातील दोन निवृत्त शिक्षक आणि कॅमेरा असलेले एक पोर एवढ्यांना महिनाभराचे हे काम. वार्निश लावू नये, सोनेरी रंग तर मुळीच लावू नये, तुटलेले बोट चिकटवू नये, ते कागदात गुंडाळून मूर्तीबरोबर ठेवावे. ‘कोठून आली’ या रकान्यात ‘माहीत नाही’ असे लिहिण्याची लाज बाळगू नये. गावातील म्हातारी माणसे जिवंत असेतो तो रकाना भरता येतो.

फोन्सेकांच्या संग्रहाचा मोठा भाग आज पर्वरीला आहे. ज्या पुण्यात ती चित्रे रंगली, तेथील भाविकाला ती पाहण्यासाठी घाट उतरून जावे लागते. ती पुण्याला परत आणावीत असे आम्ही म्हणत नाही. ती जेथे नीट आहेत तेथेच असोत. पण वीस-पंचवीस चित्रांचे प्रदर्शन एखाद्या हिवाळ्यात पुण्यात भरविता येईल. हिवाळाच हवा, कारण हवा कोरडी. त्यासाठी दमटपणा मोजण्याचे यंत्र, मंद दिवे, विमा, रात्रीचा पहारा आणि प्रवासासाठी नीट बांधलेल्या पेट्या लागतील. हिंजवडीतील संगणक-अभियंत्यांना यातील यंत्राचा भाग सहज जमेल. पाट्या मराठीत, कोंकणीत आणि इंग्रजीत असाव्यात, आणि पहिल्या पाटीवर आयव्हीबाईंचे आणि त्या अँग्लिकन आश्रमाचे नाव असावे.